सामुदायिक सेवेत हात हळू चालतोय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यायालयाने शिक्षा म्हणून लावलेल्या सामुदायिक सेवेत पहिल्या दिवशी हातात खराटा मिळतो. अर्ध्या तासाने मान वर करून बघावं तर शेजारचा माणूस दुप्पट पुढे गेलेला असतो. तिथून डोक्यात चक्र सुरू होतं: साहेब बघतायत, शेरा मारतील, प्रकरण परत कोर्टात जाईल. आणि घाबरलेला माणूस आणखीच हळू होतो, कारण तो झाडलेली जागा पुन्हा झाडतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हळू माणूस आणि अंगचोर माणूस लांबून अगदी सारखे दिसतात. देखरेख करणाऱ्याला राग असतो तो अंगचोराचा. तुम्ही हळू असाल तर वेग दुप्पट करत बसायची गरज नाही. तुम्ही अंगचोर नाही हे लांबूनही कळलं पाहिजे, एवढंच जमवायचं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

आदेशाचा कागद नीट वाचा

घरी बसून, पेन घेऊन वाचा. चार गोष्टींखाली रेघ मारा: एकूण तास किंवा दिवस किती, कोणत्या तारखेच्या आत, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली, आणि पूर्ण झाल्याचा दाखला कोणी द्यायचा. हे वाचताना बहुतेकांच्या लक्षात येतं की कागदावर वेळ लिहिलेली आहे, कामाचा ढीग लिहिलेला नाही. जगभरात साधारण हीच रीत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1972 च्या कायद्याने ही शिक्षा आली तेव्हापासून ती तासांत मोजली जाते. आज तिथे 40 ते 300 तास लावता येतात आणि ते साधारण 12 महिन्यांत पुरे करायचे असतात. भारतात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा आहे. तिची व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या पद्धतीचा कायदा) कलम 23 मध्ये आहे: शिक्षा म्हणून न्यायालयाने करायला लावलेलं, समाजाच्या उपयोगाचं आणि ज्याचा मोबदला मागता येत नाही असं काम. त्या व्याख्येत किती फूट, किती किलो, किती फायली, असलं काही नाही. त्यामुळे तुमच्या आदेशात जे लिहिलंय तेच तुमचं माप.

क्वचित आदेशात ठरावीक काम पूर्ण करायला सांगितलेलं असतं, एखादी भिंत किंवा एखादी बाग. तसं असेल तर वेग खरोखर महत्त्वाचा. पहिल्याच दिवशी देखरेख अधिकाऱ्यासोबत बसून कामाचे तुकडे पाडून घ्या आणि कोणता तुकडा कधीपर्यंत हे लिहून ठेवा.

आता हिशेब करा. समजा 60 तास आहेत आणि आठवड्यात दोन दिवस, रोज 4 तास जायचंय. म्हणजे 15 दिवस, साडेसात आठवडे. पहिल्या दिवशी तुम्ही शेजाऱ्याच्या निम्मं काम केलं, तरी हजेरीत 4 तासच पडतात. उलट ईर्ष्येने हात मारून कंबर धरली आणि पुढचे दोन दिवस खाडा झाला, तर 8 तास गेले आणि अख्खा आठवडा पुढे सरकला. हळू कामाने हजेरीतून काही जात नाही, खाड्याने जातं.

पहिल्या दिवशी विचारायचे प्रश्न

ठरलेल्या वेळेच्या 15 मिनिटं आधी पोचा. बंद बूट, पूर्ण पँट, पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि आदेशाची प्रत सोबत ठेवा. काम सुरू व्हायच्या आधी, घोळक्यात न विचारता, बाजूला जाऊन शांतपणे विचारा:

– सही कुठे करायची, येताना आणि जाताना दोन्ही वेळा का?
– जेवणाची सुट्टी तासांत धरतात का? जाण्यायेण्याचा वेळ?
– पाऊस आला किंवा काम लवकर संपलं तर तास कसे धरतात?
– आजारी पडलो तर कोणाला, किती वाजायच्या आत कळवायचं?

याची उत्तरं ठिकाणागणिक बदलतात, म्हणून सोबतच्या माणसाचं ऐकून चालू नका. जेवणाचा अर्धा तास धरत नसतील आणि तुम्ही धरत असाल, तर 15 दिवसांत साडेसात तासांची तफावत पडते. शेवटच्या आठवड्यात कळलं की मग धावपळ.

दुखणं असेल तर तेही याच वेळी सांगायचं. सगळा आजार उलगडून सांगू नका, काय जमत नाही तेवढंच सांगा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तसंच लिहून घ्या: "सलग 10 मिनिटांपेक्षा जास्त वाकून काम नको", "शिडीवर चढवू नये". गोळ्यांमुळे सुस्ती येत असेल तर तेही चिठ्ठीत येऊ द्या. "पाठ दुखते" एवढंच तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि काम अंगावर आल्यावर अचानक "हे मला जमणार नाही" म्हटलं की कागदोपत्री तो नकार ठरू शकतो. हळू कामापेक्षा नकार कितीतरी महाग पडतो.

नमुना पास करून घ्या

नवी माणसं हळू पडतात त्याचं सगळ्यात मोठं कारण आळस नसतो. काम किती बारीक हवंय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती घरच्यासारखं करत बसतात. मैदान झाडायचंय आणि हा बाबा विटांच्या फटीतली माती काडीने काढतोय!

उपाय सोपा आहे. पहिला लहान तुकडा करा: दोन पावलं जागा, रेलिंगचा एक गज, दहा कागद. मग बोलवा: "साहेब, एवढं केलंय. असंच चालेल की याहून बारीक हवं?" त्यांनी "ठीक आहे" म्हटलं की तेच माप. त्याहून एक तसूभर जास्त करू नका. "कोपरे राहिले" म्हणाले तर चुकीचं काम दोन पावलांतच थांबलं, पूर्ण गल्लीत नाही. नमुना दाखवायला 5 मिनिटं जातात आणि पुढची सगळी घालमेल वाचते.

वेळ नेमका कुठे जातो

झाडलोट. नवशिका सगळा कचरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेतो. ढीग जड होतो, खराट्याखालून निसटतो आणि तीच धूळ तीनदा झाडावी लागते. साधारण एक मीटर रुंदीचा पट्टा घ्या, दहा-बारा पावलांवर लहान ढीग करा आणि पुढे चला. ढीग नंतर एका फेरीत सुपलीने घमेल्यात भरा. वारा पाठीमागून येऊ द्या. धूळ फार असेल तर पाण्याचा हलका शिडकावा मारा, पण चिखल होईल इतका नको, नाहीतर ती जमिनीला चिकटते. लांब दांड्याचा झाडू असेल तर दांडा हनुवटीच्या आसपास यावा. आखूड दांड्याने कंबर वाकते आणि वीस मिनिटांत हात मंदावतो. दर काही मिनिटांनी उजव्याचं डावं करा.

कचरा वेचणं. एकट्याने पिशवी सांभाळत वेचायला लागलं की निम्मा वेळ पिशवीचं तोंड उघडण्यात जातो. दोघं असाल तर एकाने पिशवी धरावी, दुसऱ्याने चिमट्याने उचलावं आणि अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. पिशवी दोन-तृतीयांश भरली की बांधा. काठोकाठ भरलेली फाटते आणि सगळं पुन्हा वेचावं लागतं. काच वेगळ्या डब्यात टाका, पिशवीतली काच मांडीला लागते. सुई किंवा सिरिंज दिसली तर हातमोजे असले तरी उचलू नका. तिथे उभं राहून हाक मारा. त्यात गेलेला वेळ कोणी तुमच्या नावावर लावत नाही.

तण काढणं. कोरड्या कडक मातीत तण वरून तुटतं, मूळ आत राहतं आणि पंधरवड्यात पुन्हा उगवतं. जागा ओली करून घ्या, जमल्यास आदल्या संध्याकाळी. खुरप्याचं टोक मुळाच्या बाजूने तिरकं घालून उचला, मग दुसऱ्या हाताने उपटा. सलग उकिडवं बसलं की दहा-पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घ्या, थोडा वेळ गुडघ्यावर, थोडा वेळ उकिडवं, असं बदलत राहा.

रंगकाम. धास्ती सगळ्यात जास्त इथे वाटते, कारण पहिले दोन तास काही दिसतच नाही. रेलिंगचा सुटलेला रंग खरवडायचा, गंज पॉलिश पेपरने घासायचा, धूळ कोरड्या फडक्याने पुसायची, मग प्राइमर. तो वाळल्याशिवाय रंगाचा पहिला हात नाही, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. किती वेळ थांबायचं ते डब्यावर छापलेलं असतं. घाईने ओल्यावर दुसरा हात मारला की खालचा रंग ब्रशला चिकटून ओघळासकट वर येतो आणि पुन्हा खरवडण्यापासून सुरुवात. ब्रश फार तर एक-तृतीयांश बुडवा, डब्याच्या कडेला निथळवा, आधी आतल्या आणि अवघड बाजू, मग समोरची, आणि वरून खाली. गचागच ब्रश बुडवणारा माणूस भराभर रंगवतोय असं वाटतं, पण त्याचा निम्मा दिवस ओघळ पुसण्यात जातो. तयारी चालू असताना कोणी "अजून रंग नाही लागला?" विचारलं तर घासलेला गज आणि न घासलेला गज शेजारी शेजारी दाखवा. बोलण्याची गरज पडत नाही.

कार्यालयातले गठ्ठे. एकेक कागद उचलून थेट जागेवर लावत बसू नका. आधी ढोबळ वाटणी करा: वर्षाप्रमाणे, किंवा आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. मग एकेक ढीग आतून लावा. तीनशे कागद असे दोन टप्प्यांत लावायला कमी वेळ लागतो, कारण प्रत्येक वेळी पूर्ण कपाट धुंडाळावं लागत नाही. इथे वेगापेक्षा चूक महाग. उशिरा लागलेला कागद सापडतो, चुकीच्या फायलीत गेलेला सापडत नाही.

भांडी आणि फरशी. आधी भिजवा, मग घासा. वाळलेल्या डागाशी झटापट करत घालवलेली दहा मिनिटं पाण्याने फुकटात वाचतात.

वेग मोजायचाच असेल तर

बऱ्याच जणांना सांगूनही चैन पडत नाही. मग निदान नीट मोजा. खिशात लहान वही ठेवा. एकाच प्रकारच्या कामात अर्ध्या तासात किती झालं ते लिहा: 14 पावलं, 3 गज, 40 कागद. पहिला दिवस मोजू नका, तो शिकण्यात जातो. दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस लिहा. आकडा वाढत असेल तर तुम्ही शिकताय. अडकला असेल तर नमुना पास करणारा माणूस किंवा मुकादम दोन मिनिटं शेजारी उभा करून विचारा, "दादा, माझं कुठे चुकतंय?" बहुतेक वेळा हत्यार धरण्यात किंवा उभं राहण्याच्या दिशेत चूक असते.

तुलना मात्र स्वतःशीच करा. शेजारचा माणूस कदाचित शेतात वाढलेला असेल, किंवा त्याचे हे शेवटचे चार तास असतील. शिवाय त्याने झाडलेलं कसं दिसतंय ते तुम्ही जवळून पाहिलेलं नसतं.

अंगाला झेपेल तसं

पहिल्या आठवड्यात मुद्दाम संथ सुरू करणं हा शहाणपणा आहे, त्याला आळस म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेचा सल्ला आहे की उष्णतेतल्या कामाला नव्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त काळ त्या उष्णतेत राहू नये आणि पुढे रोज फार तर 20 टक्के वाढवावं. तुम्हाला पहिल्याच दिवशी चार तास उन्हात दिले असतील, तर सावलीतलं काम मध्ये मध्ये घालून मिळेल का ते सकाळीच विचारा, चक्कर आल्यावर नाही. उन्हात दर 15-20 मिनिटांनी एक कप पाणी, साधारण 240 मिली. तासाभराने ढसाढसा पिण्यापेक्षा हे बरं.

वजन उचलायचं तर त्याच संस्थेच्या गणितात 23 किलो ही कमाल आहे, आणि तीही वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पीळ न देता उचलायची असेल तेव्हाची. जमिनीवरून, लांबून, वळून उचलायचं म्हटलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो. मातीचं घमेलं अर्धं भरा आणि दोन फेऱ्या मारा.

थांबायचं असेल तर हत्यार हातात ठेवून उभं राहून थांबा, कामाच्या जागेवरच. भिंतीला टेकून मोबाइल काढला की तुम्ही आधीचा तासभर घाम गाळलेला कोणालाच दिसत नाही. अंगचोरीचा शिक्का सगळ्यात लवकर बसतो तो मोबाइलमुळे. घरून महत्त्वाचा फोन यायचा असेल तर सकाळीच सांगून ठेवा.

"हात उचला जरा" असं म्हणाले तर

लगेच कारणं देऊ नका आणि गप्पही राहू नका. एवढं म्हणा: "हो साहेब. इथपासून त्या खांबापर्यंत झालंय. पुढचं चारपर्यंत होईल. हे पुरं करू, की आधी त्या फाटकाकडचं घेऊ?" यात झालेलं काम दिसतं, उरलेल्याचा अंदाज येतो आणि निवड त्यांच्याकडे जाते. बरेचदा त्यांना वेग नकोच असतो, फाटकाजवळची जागा पाहुणे यायच्या आत स्वच्छ हवी असते.

तरी पुन्हा पुन्हा बोलत असतील, तर दिवसाच्या शेवटी, सही करताना, विचारा: "आजच्या कामात काय कमी पडलं?" उत्तर वहीत लिहा, तारखेसह. दुसऱ्या दिवशी तेवढीच एक गोष्ट सुधारून दाखवा.

हजेरी कापण्याची किंवा कोर्टात कळवण्याची भाषा झाली, तर जागेवर वाद घालू नका, काम सोडून निघून तर मुळीच जाऊ नका. तो दिवस पूर्ण करा, सही करा, आणि त्याच दिवशी आपल्या वकिलाला किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) वहीतल्या नोंदींसह कळवा. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणखी एक: सेवेच्या नावाखाली कोणी आपल्या खासगी घरचं किंवा दुकानचं काम करून घेत असेल, तर हळू-जलदचा प्रश्नच नाही. सक्तीच्या श्रमाबद्दलच्या 1930 च्या आंतरराष्ट्रीय करारानेही न्यायालयाने लावलेलं काम सरकारी देखरेखीखाली असावं आणि खासगी व्यक्ती किंवा कंपनीच्या हाती देऊ नये, अशी अट घातली आहे. हे लगेच कळवा.

सोबतचे लोक

दोन प्रकारची कुरकुर ऐकू येईल. एक, "किती वेळ लावतोस रे." दुसरी, जी नव्या माणसाला अपेक्षित नसते: "इतकं कशाला करतोस, उद्या आम्हालाही तेवढंच करायला लावतील." दोन्हींना उत्तर द्यायची गरज नाही. फक्त गटाचं काम साखळीसारखं असेल, एकाने भरायचं, दुसऱ्याने वाहायचं, तिसऱ्याने ओतायचं, तर तुमच्यामुळे दोघं थांबतात. तेव्हा जागा बदलून मागा. वाहणं जमत नसेल तर भरणं मागा. मुकादम सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही साखळी चालू हवी असते.

निघताना

हातातला तुकडा अशा ठिकाणी थांबवा की झालेलं आणि राहिलेलं यांची सीमा स्पष्ट दिसेल. पंधरा ठिकाणी थोडं थोडं केलेलं काम काहीच न केल्यासारखं दिसतं. हत्यारं धुऊन, मोजून परत द्या. ब्रश न धुता ठेवला तर उद्या तो दगड झालेला असतो आणि तुमचा पहिला तास त्यातच जातो.

मग मस्टर, म्हणजे हजेरीची वही. वेळ स्वतः वाचून सही करा. येण्याची वेळ आठऐवजी नऊ पडली असेल तर तिथेच दाखवा, दुसऱ्या दिवशी ते सिद्ध करणं कठीण. घरी वहीत आजचे तास, एकूण तास आणि देखरेख करणाऱ्याचं नाव लिहा. दर पाचव्या दिवशी आपली बेरीज मस्टरच्या बेरजेशी ताडून घ्या. शेवटच्या दिवशी पूर्ण झाल्याचा दाखला सही-शिक्क्यासह हातात घ्या, त्यावरचे तास आणि प्रकरण क्रमांक आदेशाशी जुळवा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवून मूळ कागद मुदतीच्या आत न्यायालयात किंवा आदेशात सांगितलेल्या कार्यालयात जमा करून पोच घ्या.